बोळा

ग्लॉसॉपचं हे घर घेतलं तेव्हा
कागदपत्रांत मासे नव्हते.
छताचं वय होतं, बॉयलरचा नंबर होता,
शेजाऱ्यांच्या भिंतीत अर्धा हक्क होता.
मासे असेच मिळाले, मागच्या तळ्यात, सात,
जसं खिळ्याला राहून जातं
आधीच्यांचं कॅलेंडर.

ऑक्टोबरात तळ दिसेनासा झाला.
पाणी गॅसवर विसरलेल्या चहासारखं,
वर सिकमोरची पानं, खाली त्यांचाच लगदा.
फिल्टरच्या हौदातला उभा पाइप उपसला
तरी तळातून थेंब सरकेना.
"भसकन यायला पाहिजे," यशोधन म्हणाला.
त्यानं दोन व्हिडिओ पाहिले होते.

समोरचा क्लाइव्ह रॉड घेऊन आला,
पुढच्या टोकाला लोखंडी पीळ.
"फिरवायचं उजवीकडेच. डावीकडे गेलात
तर सांधा सुटतो, पुढचा तुकडा आत राहतो,
आणि मग माझा रॉड तुमचा."
मी उजवीकडे फिरवत राहिले, दंडापर्यंत चिखलात.
आमचे अप्पा मोरीत कामटी घालायचे.
त्यात डावं-उजवं नसे, नुसत्या शिव्या असत,
शेवटी केसांचा गुंता वर यायचा
आणि आम्हा चौघी बहिणींपैकी
एकीचाही तो नसायचा.

काहीतरी अडकलं. काहीतरी ताणलं गेलं.
आणि आलं:
ताठ, काळं, तारेनं करकचून बांधलेलं,
उशीएवढं एक लोकरीचं गाठोडं.
त्यामागून पाणी, भसाभसा,
वास असा की क्लाइव्हनं टोपी तोंडावर धरली.
"एकदाचा बोळा निघाला!" मी ओरडले.
आयुष्यभर म्हणत आले होते,
डोळ्यांनी आज पाहिला.

उभा पाइप परत बसवला, तळं भरलं,
आलं घातलेला चहा झाला, क्लाइव्हनं दोनदा घेतला.

सकाळी तळ्यात घोटाभर पाणी.
सात पाठी उघड्यावर, सात मासे कुशीवर,
ऋचा ज्याला हेडमास्तर म्हणते
तो चिखलात एक गाल टेकून.
जमिनीखाली कुठेतरी पाइप फुटलेला होता,
कोण जाणे कधीपासून.
आम्ही बादल्या घेऊन धावलो. हेडमास्तर बाथटबमध्ये,
बाकीचे कचऱ्याच्या नव्या डब्यात.
क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली
अर्धीच होती. मी थेंब मोजले.

बक्स्टनच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
मिसेस ऑलरेनशॉ जोरात म्हणाल्या, "कोण?"
मग, "हो, मासे. जिवंत आहेत ना?"
मी बोळ्याचं सांगितलं.
खूप वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
"हिरवा का?"
मी नळाखाली धुतला होता एक कोपरा.
हो, म्हटलं. हिरवाच असावा.
"बाहीवर ठिगळ?"
फोन खांद्यावर धरून तार सोडली.
ठिगळ होतं.
"चौऱ्याण्णव सालचा आख्खा हिवाळा
मी तो शोधत होते.
वॉल्टर माझ्याबरोबर शोधत होता.
माळ्यावर चढला होता, बॅटरी घेऊन."
हसल्या की खोकल्या, कळलं नाही.
"परत घालाल ना तो?"

तो परत घालण्याजोगा नव्हता, हातात सुटत होता.
प्लंबरनं जमीन खणायचे दोन हजार सहाशे पौंड सांगितले,
सांगताना मासे बघत राहिला.
उन्हाळ्यात बघू, म्हटलं.
मग वर गेले, कपाट उघडलं,
यशोधनचा तपकिरी अर्धबाहीचा काढला,
मामींनी विणलेला, मानेला घट्ट.
घडी घातली, गुंडाळला, तार आवळली.
उजवीकडे फिरवत आत ढकलला,
मग रॉड डावीकडे फिरवून सोडवला, अलगद,
हे क्लाइव्हनं शिकवलं नव्हतं.

पाणी आता काठाच्या दोन बोटं खाली आहे.
रोज सकाळी मी तिथे बोट लावून बघते,
दोनच. कधी अडीच.
हेडमास्तर वर येतो, तोंड उघडतो,
मिटतो, काही न बोलता खाली जातो.
आज पहिलं दहिवर गोठलं गवतावर.
वरच्या खोलीत खण उघडतायत, बंद होतायत.