हलका, तिरका

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या बोळात,
दुसऱ्या मजल्यावर माझा संगणक.
खाली मिरचीची पोती उतरतात,
वर मी शिंकत शिंकत अक्षरं लावते.

या गावाला जाड अक्षर लागतं.
वाढदिवसाचा फलक असो की मैदानाची जाहिरात,
गिऱ्हाईक खुर्चीमागं उभं राहून सांगतं,
"आणि ठसठशीत कर की.
पार तावडे हॉटेलपास्नं वाचाय आलं पायजे."

यादीत अगदी तळाला एक टाइप आहे.
हलका, तिरका.
काना म्हणजे नुसती काडी,
टोकाला गाठ नाही, पोटाला चरबी नाही,
वर जेवढा बारीक तेवढाच खाली.
सगळे दांडे एका अंगाला कललेले
पण शिरोरेघ सपाट:
दोरी ताठ,
वाळत घातलेले सदरे तेवढे वाऱ्यावर.

नखरेही आहेत त्याचे.
लालातून पांढरा काढला की शाई त्याला गिळते.
स्वस्त कागदावर रफार उडतो,
'सर्व'चं 'सव' होतं
आणि शिव्या मला.

म्हणून त्याला मी किरकोळ कामं देते.
अटी लागू.
फोटोखालचं नाव.
खानावळीच्या कार्डावर, मटणताटाच्या खाली:
पांढरा रस्सा संपल्यास वाद घालू नये.
पत्रिकेत: कृपया आहेर आणू नये.
म्हणजे जे म्हणायचं तर असतं,
पण फारसं ऐकू जाऊ नये असंही वाटतं, ते.

परवा गंगावेशीतून मगदूम वस्ताद आले.
जिना चढताना फळ्या बोलल्या.
कान चुरगळलेल्या प्रुफासारखे,
हातात बायकोचा पासपोर्ट फोटो.
वर्षश्राद्धाचं कार्ड.
नाव, तारीख, तिथी, सगळं जाड लावलं. मान डोलली.
मग म्हणाले, खाली तिचं एक वाक्य घाल.
'जेवलासा?'
एवढंच.

जाड लावून दाखवलं.
"न्हाई. ही अशी वरडत न्हवती."
मधलं लावलं.
"ह्ये तलाठ्यावानी इचारतंय."
मी तळाला गेले.

वस्ताद पडद्याजवळ सरकले.
चष्मा वर केला, खाली केला.
रात्री तालमीतनं यायला उशीर झाला की, म्हणाले,
ती उंबऱ्यात यायची न्हाई.
आतनंच, चौकटीला खांदा लावून, जरा वाकून...

पुढं काही बोलले नाहीत.
खाली कुणीतरी पोतं आपटलं.

वाक्यात रफार नाही
हे मी तेवढ्यात बघून घेतलं होतं.
तरी कागद चांगला सुचवला, एक नंबरचा.

निघताना दारात थांबले.
"ह्येला शाई कमी लागत असंल न्हवं?
मग पैसं बी कमी घे की."

मी शिंकले,
आणि हो म्हटलं.