शेऱ्याचा रकाना

आमच्या शाळेचा वजनकाटा
रिकामा असतानाही दीड किलो दाखवतो.
मी स्क्रू फिरवून त्याला शून्यावर आणते,
तो पुन्हा हळूच सरकतो,
जणू कुणीतरी आधीच उभं आहे त्याच्यावर.

तिसरी ब. तक्ता वरून आलाय:
उंची, वजन, सहा मिनिटांत किती फेऱ्या,
आणि शेवटी शेरा,
दोन बोटांएवढा रकाना.

ओजस तापकीर बूट काढतो.
मग मोजे. पट्टा. घड्याळ.
खिशातला रुमालसुद्धा घडी करून बाकावर ठेवतो
आणि श्वास पूर्ण सोडून चढतो.
हवेलाही वजन असतं, हे मीच शिकवलंय
परिसर अभ्यासाच्या तासाला.
एकेचाळीस.
मागे कुणीतरी फिस्सकन हसतं.
मी वळते तोवर सगळे छताकडे बघत असतात.

धनकवडीला त्याच्या आजोबांची ज्वारी होती,
तिथे आता अकरा मजले आहेत.
खाली पाटी: पार्किंगमध्ये सायकल चालवू नये.
चेंडू आत आल्यास परत मिळणार नाही.
गच्चीला कुलूप, किल्ली चेअरमनकडे,
चेअरमन मुलाकडे, बंगलोरला.
संध्याकाळी आजोबा गॅलरीतून बोट दाखवतात,
इथे विहीर होती, तो बांध,
इथून मी शाळेत पळत जायचो,
आणि दुसऱ्या हाताने नातवाला क्रीमरोल देतात.
हे सगळं पालकसभेत त्यांनीच सांगितलं,
डोळे पुसत.
मी शेऱ्यात लिहिलं: आहाराकडे लक्ष द्यावे.

पुढची यशोधरा गायकवाड.
घर जनता वसाहतीत, पार वरच्या अंगाला,
नळ खाली, पायऱ्या मधे.
मधल्या सुट्टीत खिचडीची तिसरी वाटी मागते
आणि वाढपीण मावशी देतात, तळ खरवडून.
तरी मागच्या खेपेला सोळाच भरली होती
आणि मी ते मोठ्याने बोलले होते.
फेऱ्या मात्र नऊ. वर्गात सगळ्यांत जास्त.
त्या मोठ्याने बोलले नव्हते.

आज ती काट्यावर चढली
तेव्हा फ्रॉकच्या खिशात खडखडलं.
काय गं?
काही नाही.
हात घातला तर पाच सागरगोटे,
टेकडीवरचे, फरशीवर घासून गोल केलेले.
वजन भरावं म्हणून आणलेस?
ती म्हणाली, खेळायला.
मग जरा थांबून, दोन्हीला.

मी आकडा गोट्यांसकट लिहिला.
मोठ्या बाईंना सांगू नका.

बाई, आता तुम्ही उभ्या राहा ना!
सगळा वर्ग ओरडला.
मी म्हटलं, काटा बिघडलाय.
तसा तो आहेच.

खरं तर गुरुवारचा पीटीचा तास
दिवाळीपासून गणिताला गेलाय.
मैदान अर्धं उरलंय,
अर्ध्यावर आम्हा शिक्षकांच्या स्कूटी.
सावलीतली माझी.
लंगडीचं रिंगण तिला वळसा घालून आखावं लागतं,
म्हणून ते पेरूसारखं दिसतं.

तक्ता घेऊन बाहेर आले
तर व्हरांड्यात यशोधरा गोटे मांडून बसलेली
आणि समोर ओजस, अजून अनवाणीच.
मला?
उकिडवं बस, ती म्हणाली.
तो बसला. टाचा उचलल्या गेल्या,
मागे कलंडला, भिंतीला डोकं लागलं.
टाचा टेकव की रे.
टेकत नाहीत.
टेकतात. माझी आजी टेकवते.
पुन्हा. पुन्हा कलंडला.
कुणी हसलं नाही, कारण
हसायला तिथे आम्ही तिघंच होतो
आणि मला माझा गुडघा आठवत होता.

तिसऱ्यांदा तो टिकला,
चार-पाच श्वास असतील.
तेवढ्यात त्याने एक गोटा वर उडवला,
झेलला नाही,
तो टप्पे घेत घेत माझ्या स्कूटीखाली गेला.
ओजस पळाला.
तापलेली फरशी, खडी, मधे पाण्याच्या टाकीचा पाइप,
त्यावरून उडी मारून,
स्कूटीखाली निम्मा आत शिरून
ओरडला, सापडला!

घंटा झाली होती.
माझ्या हातात पेन होतं, टोपण लावलेलं.
तो परत येताना
मला वाटतं, थोडा जास्तच जोरात आला.