फळ्याची डावी बाजू

पाचपावलीची शाळा, सातवी ब.
होळी होऊन आठवडा झाला असेल,
मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली
आणि म्हटलं, डावी बाजू तुमची.

कोणी हललं नाही.
बावीस वर्षं दोन्हीकडे मीच लिहीत आले;
मलाही ती रिकामी बाजू
पडलेल्या दाताच्या जागेसारखी
सारखी जिभेला लागत होती.

"बाई, काय लिहाचं?"
"तुम्हाला जे शोधायचं आहे ते."
"परीक्षेत येईन का पण?"
"नाही."
"मंग काऊन लिहाचं?"

तीन दिवस डावी बाजू कोरी.
शिकवता शिकवता खडू आपोआप तिकडे सरके
आणि मी त्याला मागे ओढी,
दुसऱ्याच्या वावरात शिरलेल्या बकरीसारखं.

चौथ्या दिवशी टिकेश निखारेनं लिहिलं,
कोपऱ्यात, बारीक,
कोणी रागावलं तर बोटानं पुसता येईल इतकं:
संत्र्यात फोडी किती असतात?
वर्ग हसला.
दुसऱ्या दिवशी तो पिशवीभर डागी संत्री घेऊन आला,
बाप मार्केटात हमाल.
दोन मधल्या सुट्ट्या आम्ही सोलत बसलो.
दहा. अकरा. दहा. नऊ. एकात तर तेरा.
वह्या चिकट, नखं पिवळी.
"बाई, बरोबर कोणतं?"
माझ्या तोंडात उत्तर नव्हतं,
फोड होती.

स्वाक्षी गजभिये मात्र वही मिटून उभी राहिली.
"मले नाही पाह्यजे माहा प्रश्न.
सहावा धडा राह्यला आहे, तो शिकवा."
आधी रागच आला.
मग तिच्या बाकावर बसले
आणि सहावा धडा शिकवला, तिला एकटीला, शेवटपर्यंत.
निवड, म्हणाले होते ना मी.
माझ्या आवडीचं निवड, असं कुठे म्हणाले होते.

आणि मग अल्फियाचं अक्षर,
ठसठशीत, अगदी रेघेला खेटून:
स्टाफरूमले कुलर आहे, आमाले काऊन नाही?

खरं सांगते, हात पुसायलाच उठला होता.

त्यांनी कपाटातला तापमापक मागून घेतला.
आमची खोली एकेचाळीस.
स्टाफरूम तेहतीस.
दोन्ही आकडे फळ्यावर, खाली दोन-दोन रेघा.
मुख्याध्यापिका दारातून वाचून गेल्या,
बोलल्या काहीच नाहीत.
चहाच्या वेळी कुलरच्या झोतातली माझी रोजची खुर्ची
मला बसू देईना.

कुलर काही आला नाही.
पोरांनी बारदानं आणली,
इतवारीत कोणाच्या तरी काकाचं धान्याचं दुकान आहे म्हणे,
बादलीत बुडवून खिडक्यांना टांगली
आणि पाणी मारायच्या पाळ्या लावल्या.
मी लावल्या असत्या तर हजेरीच्या क्रमानं.
त्यांनी उंचीवरून लावल्या:
लांबुडके वर, बुटके बादलीपाशी,
आणि ओल्या बारदानानं खोली थंड का होते
ते सगळ्यांना समजावायला स्वाक्षी,
कारण सहाव्या धड्यात बाष्पीभवन होतं.

अडतीस.
लोकेश सोनकुसरेनं तीनदा डोळे बारीक करून पाह्यलं,
मग फळ्यावर लिहिलं:
तीन अंश. आमचे.

आज सकाळी वर्गात गेले
तर रेघ सरकलेली, माझ्या बाजूला, चांगली दोन वीत.
कोणी सरकवली, विचारलं नाही.
वरच्या कोपऱ्यात तारीखही त्यांनीच टाकलेली.
कालची.

डस्टर उचलला.
ठेवला.
बारदानाचं पाणी फरशीवर टपकत होतं.
टिकेशला जरा सरकायला लावून
मी त्याच्या बाकावर बसले,
कोणाच्या लक्षात येतं बघत.