चाळणीवर उरलेलं

निळ्या पिशवीत न चाळलेली दादर,
त्यात ओटचं पीठ, चौथा हिस्सा.
पिवळ्या पिशवीत नुसती दादर,
दोनदा चाळलेली, पांढरी, मऊसूत.
कोणाला कुठली, ते संगणकाने ठरवलं.
मी फक्त वाटली,
धरणगावच्या अलीकडे एका गल्लीत,
एकोणीस घरी, बारा आठवडे,
एक वजनकाटा, दोन पेनं
आणि प्रश्नावली घेऊन.

प्रश्न सातवा : शौचास दिवसातून किती वेळा?
झेलाबाईने पदर तोंडात कोंबला.
केवळबाई म्हणाली, "लिख ना वं माय,
सरकारले तेबी मोजनं शे."
मी लिहिलं एक. मग खोडून, दोन.

दोघी जावा, एका चुलीच्या.
संगणकाला चूल दिसत नाही,
त्याला नंबर दिसतात.
एकतीसला निळी गेली, बत्तीसला पिवळी.

सरांनी शिकवलेलं मी ओट्यावर बसून सांगितलं :
ओटमधला एक तंतू पाण्यात फुगतो,
पोटात त्याची खळ होते,
ती पित्ताला धरते, बाहेर नेते,
मग नवं पित्त करायला यकृत
रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं.
"खळ म्हंजे? लुगड्याले देतस ती?"
तशीच.
"मंग पोट कडक व्हई जाई!"
आणि दोघी अशा हसल्या
की कोंबड्या उठून पळाल्या.
ओटला त्या शेवटपर्यंत
ओट्याचं पीठ म्हणाल्या.

धुडकू आप्पाच्या गिरणीत पिवळ्या पिशव्यांचा कोंडा साठायचा.
त्याचं काय करायचं हे प्रकल्पात लिहिलेलं नव्हतं.
आप्पाने तो म्हशीपुढे टाकला.
नवव्या आठवड्यात गल्लीत सगळ्यात तुकतुकीत
ती म्हैस होती.
ती नमुन्यात नाही.

शाळेत मला म्हण होती,
भुकेला कोंडा, निजेला धोंडा.
अर्थ लिहिला होता : गरिबी.
पूर्ण गुण मिळाले.
परवा जळगावच्या मोठ्या दुकानात
तोच कोंडा बरणीत पाहिला,
बरणीवर हिरवं पान,
भाव दादरच्या दुप्पट.
बाईंना शोधून विचारावं वाटलं,
आता अर्थ काय लिहू?

दहाव्या आठवड्यात मी न सांगता गेले, भर दुपारी.
ताट एक.
एक भाकरी काळपट, एक पांढरी,
दोन्ही मोडून एकमेकींवर ठेवलेल्या,
मध्ये ठेचा, कडेला कांदा.
केवळबाई दचकली नाही.
"हिले दात नईत. मऊ हिले, जाड माले.
मंग ही म्हनस, मालेबी दे.
मी कालवनमा बुडाई देस."
कधीपासून?
"लगीन व्हयनं तवयपासून."

अर्जात रकाना होता :
ताटात उरलेली भाकरी, ग्रॅममध्ये.
काटा शून्यावर.
माझ्या हातावरही एक तुकडा आला,
कुठल्या पिशवीतला, ते मी नोंदवलं नाही.

सर फोनवर गप्प राहिले.
मग म्हणाले, चूक आपलीच,
नंबर घराला द्यायला हवा होता, माणसाला नाही.
दोघींना बाद करा.
मी पट्टी धरून रेघ मारली,
एकतीस, बत्तीस.

पण शेवटचं रक्त दिल्याशिवाय त्या ऐकेनात,
सुईची भीती एकदा मोडली होती, आता वाया कशाला.
नळ्या बर्फात घालून मीच नेल्या.
कागद आले तेव्हा चुलीजवळ बसून वाचले :
झेलाबाई सतराने खाली,
केवळबाई चारने.
का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.
हे आकडे कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत,
माझ्या वहीत, चाळणीवर राहतात तसे, राहिलेत.

केवळबाईने कागद उलटा धरून पाहिला,
मग सुलटा.
"देख," ती मला म्हणाली,
"मन्ही भाकर हाईच खाई गयी."