भराव

सेमारांगच्या बंदराकाठी, वार्सितोच्या घरात
जमीन तीनदा वर आलीय.
छप्पर होतं तिथंच आहे.

मोठ्या भरतीला समुद्र गल्लीत येतो,
चपला घेऊन जातो.
मग पतपेढीचं कर्ज, ट्रकभर मुरूम, नवी फरशी.
खिडकीतून आता बसूनच बाहेर दिसतं.
पंखा कधीच काढून टाकला.

दाराच्या चौकटीवर सुमार्नी
लेकाची उंची पेन्सिलीनं मांडायची.
पहिल्या, दुसऱ्या वाढदिवसाच्या रेघा
गेल्या भरावाखाली.
तिसरी घोट्याशी उरलीय.
झाडताना ती तेवढी जागा
हातानं पुसते.

परवा तो सुराबायाहून आला.
दारात पार कमरेतून वाकला,
आत ताठ झाला नि डोकं छताला आपटलं.
"केवढा वाढलास रे!" ती म्हणाली.

वार्सितो टेप लावून बघत होता,
अजून एक थर बसतो का.