मानस

तिसरीच्या वर्गात, कुंभारजुव्याला,
मी फळ्यावर लिहिलं: पाण्यात पाहणे.
म्हणजे द्वेष करणे.
तन्वेशला पटेना.
त्याचा बाप रोज पाण्यात पाहतो,
रात्री दोनलासुद्धा, बॅटरी मारून,
भरती कुठवर चढली ते.
"कुणाचा द्वेष करतो तो, टीचर?
कुर्ल्यांचा?"

वर्ग खिदळला. मी डस्टर आपटलं.
वाक्यात उपयोग करा, तर त्यानं लिहिलं:
बाबा पाण्यात पाहतात आणि मग झोपतात.
मी लाल फुली मारली.
ती फुली माशेलपर्यंत
बसमध्ये माझ्या शेजारी बसून आली.

मग एकदा शब्दार्थ.
मानस: मन, अंतःकरण.
तो उभाच राहिला.
"नाही टीचर. मानस म्हणजे बांधाचं दार.
लाकडाचं. भरती आली की आपणच मिटतं,
ओहोटीला उघडतं.
नाहीतर खारं पाणी शेतात घुसतं."
बस खाली, म्हटलं मी. परीक्षेत हे लिहू नकोस.

जुलैत पूर्वाची आई कुवेतला गेली.
पूर्वा बोलेना. डबा उघडेना.
मी वाकून विचारत होते, पुन्हा पुन्हा,
काय झालं, सांग ना, काय झालं,
तेव्हा मागून तन्वेश, पेन्सिलीला टोक काढता काढता:
"तिला आता विचारू नका, टीचर.
भरती आहे."

एकही पोर हसलं नाही.
कसली भरती, असंही कुणी विचारलं नाही.

मीच तेवढी
खिडकीशी जाऊन पाहून आले.
खाडीत ओहोटी होती,
चिखल उघडा,
त्यावर दोन बगळे.