बत्तीस किलोचा पाहुणा

बत्तीस किलो. लिफ्ट बंद.
मी आणि आर्तोनं शिव्या देत
चौथ्या मजल्यावर चढवला.
ताम्पेरेत दुपारी तीनलाच अंधार पडला होता.

पहिलं बटण दाबलं की नुसता लाल दिवा.
थांबायचं. ट्यूब तापू द्यायच्या.
मागच्या जाळीतून वाकून पाहिलं :
काचेच्या सहा पोटांत
निखारा हळूहळू धरत होता.

पहिलं चॅनल स्वच्छ. इतकं,
की स्वतःच्याच बोटांची लाज वाटावी.
पंचवीस वर्षं जे झाकत आलो
ते सगळं त्यात ऐकू येतं.
दुसरं हळू छेडलं तर ऐकून घेतं,
जोरात छेडलं तर उलट बोलतं.
तिसऱ्याला आठवडाभर हात लावला नाही.
आवाजाचं बटण शून्य आणि एकच्या मधे
केसभर सरकलं तरी
कपाटातले पेले किणकिणतात.

रविवारी खालच्या मजल्यावरची हेल्वी दारात.
मी माफीची वाक्यं जुळवत होतो.
ती म्हणाली,
"कापडगिरणीत होते मी. मागाच्या आवाजावरून
धागा कुठे तुटला ते कळायचं.
तुमचं ते मधलं बरं आहे.
पण काहीतरी अडवून धरलंय तुम्ही."

कॉफी नको म्हणाली, खुर्चीही.
कानातलं यंत्र काढून
स्वेटरच्या खिशात टाकलं,
अॅम्पच्या डोक्यावर तळवा टेकला
आणि माझ्या पायाकडे बघत राहिली.

लोकरी मोज्यातून
तिसरी कळ अंगठ्याला लागत होती,
थंड, जरा उंच.